उसन्या आवाजांची पाणथळ

यामिनी कापगतेला ती शीळ ऐकू आली तेव्हा ती नागपूरच्या ध्वनिशाळेत बसून भुरसाटोल्याच्या पाणथळीची सकाळ ऐकत होती.

पाणथळ तिथून दीडशे किलोमीटर दूर होती. तिथे चिखलात रोवलेले कानखुंट दिवसभर ऐकत असत आणि ऐकलेलं सगळं इथे पाठवत. वीतभर उंचीची, काळ्या मुठीची ती यंत्रं यामिनीच्याच गटानं घडवली होती. लव्हाळ्यात दडून बसणारे पक्षी माणसाच्या डोळ्याला सापडत नाहीत, म्हणून त्यांची मोजदाद आवाजावरून करायची. या मोजदादीला सरकारी भाषेत ध्वनिगणना म्हणत. गणक-यंत्र आवाज ओळखी, मोजी आणि निष्कर्ष काढी. माणसानं ऐकायची गरज उरली नव्हती. यामिनी मात्र सही करण्याआधी थोडं तरी स्वतः ऐकतच असे.

आधी बगळ्यांचा गलका आला, मग पाणकोंबडीची कुरकुर. मग दोन सूर आले. पहिला खालचा, दुसरा एकदम वर चढलेला, आणि शेवटी किंचित लचक. लगेच मागून वासराच्या गळ्यातल्या घंटीसारखा तीन ठोक्यांचा नाद आला.

तिनं कानावरचे श्रवणगोल काढून टेबलावर ठेवले. मग पुन्हा लावले आणि तो तुकडा परत ऐकला.

ती हेमराजची शीळ होती. बाजारात, फलाटावर, रानात, जिथे कुठे तो तिच्यापासून लांब गेला तिथून तो तिला अशीच शीळ घालून बोलावी. नवरा म्हणून त्याची ही सवय तिला आधी चारचौघांत ओशाळवाणी वाटे. पुढे तीही मान वळवून शोधू लागली होती. हेमराजला जाऊन सहा वर्षं झाली होती. आणि हे ध्वनिमुद्रण गेल्या महिन्यातलं होतं.

"सुबोध," तिनं शेजारच्या खोलीत हाक मारली. "जरा इकडे ये."

सुबोध टेंभुर्णे आला. पक्ष्यांचे आवाज टिपणाऱ्या हेमराजचा तो विद्यार्थी, आता ध्वनिशाळेतला तिचा मुख्य सहकारी. त्यानं तो तुकडा ऐकला आणि खुर्ची ओढून बसला.

"सरांच्या जुन्या फिती यात मिसळल्या असतील," तो शेवटी म्हणाला.

"मागे पाण्याच्या पंपाची घरघर ऐक. तो पंप यंदा बसवलाय."

त्यानं पुन्हा ऐकलं. पंप होता.

सही करायची होती ती चिखलबोडीच्या परवान्यावर. चिखलबोडी ही त्याच नदीच्या खोऱ्यातली दुसरी पाणथळ. तिच्यात भर घालून तिथे शीतगोदामांचं नगर उभं राहायचं होतं. आजूबाजूच्या गावांतली पोरं कामासाठी हैदराबाद गाठत होती, त्यांना घराजवळ रोजगार मिळणार होता. त्यामुळे गावांचाही विरोध नव्हता. अडसर होता तो एका मुठीएवढ्या पक्ष्याचा. घंटी फटाकडी. तिला पाहिलेली माणसं थोडी, ऐकलेली बरीच. कायदा असा की, जिथे घंटी नांदते ती पाणथळ बुजवता येणार नाही. मात्र त्याच खोऱ्यात दुसरीकडे घंटी भरपूर असेल, तर परवाना देता येईल. भुरसाटोल्यात घंटीचा नाद चिखलबोडीहून कितीतरी जास्त होता. यंत्राचा निष्कर्ष स्वच्छ होता : हरकत नाही.

"उद्या सकाळी निघू," यामिनी म्हणाली.

*

भुरसाटोल्याच्या बांधावर अर्जुनाची जुनी झाडं होती. पाण्यात शिंगाड्याच्या वेली पसरल्या होत्या आणि त्यांच्यापलीकडे माणूसभर उंच लव्हाळं. धुकं अजून पुरतं विरलं नव्हतं. यामिनी गाडीतून उतरते न उतरते तोच डाव्या हाताच्या झाडावरून शीळ आली.

ती थांबली. तिची मान आपोआप वळली होती.

दुसऱ्यांदा शीळ आली तेव्हा सुबोधनं दुर्बीण तिच्या हातात दिली. "मॅडम, दुसऱ्या फांदीवर."

काळाभोर पक्षी होता, डोक्यावर तुरा, शेपटीला दोन लांब तारा आणि तारांच्या टोकाला पिसाच्या चकत्या. भीमराज. त्यानं मान उंचावून हेमराजची शीळ घातली आणि मग चोच न मिटताच घंटीचे तीन ठोके काढले.

यामिनीनं दुर्बीण खाली घेतली. भीमराज नकला करतो हे तिला काही नवं नव्हतं. शिक्रा, खार, मांजर, कुणाचाही आवाज तो उचलतो. तिनं आणि सुबोधनं त्यावर चार वर्षं काम केलं होतं. पण माहीत असणं वेगळं आणि झाडावरून हाक येणं वेगळं.

बांधावर एक बाई शिंगाड्यांची टोपली उतरवत होती. सुगंधाबाई मेश्राम असं तिनं नाव सांगितलं. यामिनीनं आपलं आडनाव सांगताच ती उभीच राहिली.

"कापगते सायेबाच्या घरच्या का जी तुमी? सायेब गेल्याचं आमाले लय मागाहून कळलं. पण थे पाखरू त्यायच्यासारखी शिट्टी मारते ना, म्हून वाटतच नाई का थे गेले."

"ते इथे यायचे?" यामिनीनं विचारलं. हेमराजनं या गावाचं नावही कधी घरात काढलं नव्हतं.

"यायचे ना! त्या झाडाले त्यायनं डबा बांदला होता. सकाळी वाजे, सांजेले वाजे. दोन पावसाळे वाजला जी."

"काय वाजायचं त्यात?"

"हेच. आंदी शिट्टी, मंग घंटी. आमी इचारलं, सायेब हे काहाले? तं म्हनत, पावने बोलावून रायलो."

*

गाडी परतीच्या वाटेला लागली. मग यामिनीनंच सुरुवात केली. बोलताना ती बाहेर बघत होती.

"मुद्रण सुरू करण्याआधी हेमराज शीळ घालायचा. ध्वनिग्राहक नीट घेतोय का ते तपासायला. त्याच्या प्रत्येक फितीच्या तोंडाशी ती आहे. डब्यात त्यानं ती न कापता तशीच वाजवली. भीमराजांना शीळ आणि घंटी हे एकच गाणं वाटलं."

"स्वरझीज काढून बघू," सुबोध म्हणाला. "पक्की खात्री होईल."

स्वरझीज हा शब्द त्या दोघांनीच रूढ केला होता. भीमराजाचं पिल्लू मोठ्यांकडून नक्कल शिकतं. एका पिढीकडून दुसरीकडे जाताना नकलेची कड थोडी झिजते, नाण्यावरचा छाप हाताळून झिजावा तशी. ती झीज मोजली की नक्कल किती पिढ्यांतून आली ते सांगता येतं. आणि आणखी एक : जिवंत घंटी दोनदा एकसारखी कधी वाजत नाही. वारा, भूक, भीती, जोडीदार, सगळ्यानं तिचा सूर हलतो. नकलेचा मात्र ठसा ठरलेला असतो.

संध्याकाळपर्यंत उत्तर हाती आलं. भुरसाटोल्यातली घंटी म्हणजे एकाच फितीचा ठसा होता, हजारदा उमटलेला. झीज फक्त एका पिढीची. म्हणजे आत्ताच्या भीमराजांच्या आईबापांनी ती थेट डब्यातून शिकली होती, हेमराज हयात असताना. शेवटच्या ठोक्यानंतर एक बारीक करकर होती. सुबोधनं संग्रहातली मूळ फीत काढली. चिखलबोडीच्या काठावरून जाणाऱ्या बैलगाडीच्या चाकाची ती करकर होती. पक्ष्यांनी तीसुद्धा उचलली होती.

"गणक-यंत्राला घंटी ओळखायला आपण शिकवलं," यामिनी म्हणाली. "ती कोण वाजवतंय, हे विचारायला शिकवलं नाही."

सुबोध पडद्यावरची रेघ बघत होता. "मॅडम, सरांचा डबा वाजत होता त्या वर्षी भुरसाटोल्यात औष्णिक केंद्राची राख टाकायचा प्रस्ताव होता. पहिल्याच ध्वनिगणनेत घंटी निघाली आणि तो बारगळला."

"आणि त्या गणनेची आखणी करणाऱ्यांत हेमराज होता."

"पण सुगंधाबाई काय म्हणाल्या? पाहुणे बोलावतोय. घंटीचा आवाज ऐकून घंटी येते. ओसाड पाणथळीत पक्षी वसवायला लोक असं करतात. कदाचित सरांना खरंच पक्षी आणायचे असतील."

"मग मला का सांगितलं नाही?"

सुबोधनं मूळ फीत परत डबीत ठेवली. मग तो हळू आवाजात म्हणाला, "सरांचं नाव परवाना समितीपुढे आणायलाच हवं का? नकला आहेत एवढं सांगितलं तरी पुरे."

"समिती विचारेल, नकला कुणाच्या. तिथे कधीकाळी खरी घंटी होती आणि तिच्यावरून हे शिकले, असं शीतगोदामांची कंपनी म्हणेल. मग ती पाणथळ घंटीला मानवते असा अर्थ निघेल आणि चिखलबोडी जाईल." ती उठली. "ती बैलगाडी सांगावीच लागेल, सुबोध. आणि शीळही."

त्या आठवड्यात यामिनी घरात फार थोडं बोलली. बोलायला कुणी नव्हतंही. पण स्वयंपाकघरात भांडं आपटलं तरी ती दचके. आपण काय ऐकू येण्याची वाट बघतोय ते तिला कळत होतं, आणि त्याचा तिला राग येत होता. ज्या माणसाशी भांडायचं होतं तो एका झाडावरून तिला रोज हाक मारत होता, आणि तिचं एक अक्षर ऐकून घेणार नव्हता.

*

सुनावणीला अध्यक्षस्थानी वत्सला रहांगडाले होत्या, निवृत्त जिल्हा न्यायाधीश. कंपनीच्या बाजूनं डॉ. आगाशे नावाचे ध्वनितज्ज्ञ आले होते. यामिनीनं सगळं सांगितलं. डबा, फीत, बैलगाडी, स्वरझीजेवरून नकला वगळणारी नवी गाळणी, आणि नवऱ्याचं नाव.

आगाशे उठले. ते चिडले नव्हते. त्यांचा आवाज उलट मवाळ झाला होता. "कापगते मॅडम, हे सांगणं सोपं नव्हतं, हे मी जाणतो. पण माझा एक सरळ प्रश्न आहे. तुमची ही झीजगाळणी नकला गाळते. ती खरे आवाजही गाळत असेल तर? तीच गाळणी चिखलबोडीच्या मुद्रणांना लावा. आणि भुरसाटोल्याच्या फक्त नमुन्याला नको, सगळ्या महिन्यांना लावा. इथेच, आत्ता."

"मागणी रास्त आहे," यामिनी म्हणाली.

सुबोधनं यंत्र जोडलं. चिखलबोडीचे आवाज गाळणीतून गेले आणि जवळजवळ सगळेच टिकले. पडद्यावर ठिपके विखुरले होते, एकासारखा दुसरा नाही. तिथे पक्षी नांदत होते, वेगवेगळ्या गळ्यांचे, यात शंका उरली नाही.

मग भुरसाटोला. एकेक महिना रिकामा होत गेला. पडदा पांढरा झाला. शेवटी कोपऱ्यात थोडे ठिपके राहिले.

"हे काय?" अध्यक्षांनी विचारलं.

यामिनी पुढे झाली. तिनं आकृती मोठी केली. ठिपके जवळ होते, पण एकावर एक नव्हते. सूर हलत होता. "ही नक्कल नाही," ती म्हणाली. "ही जिवंत घंटी आहे. नर आहे."

"म्हणजे पक्षी आहे तिथे!" आगाशे म्हणाले.

"एक आहे." ती गळ्याची ठेवण तपासत होती. तिसरा ठोका मध्येच चिरत होता. ही चीर तिनं पूर्वी ऐकली होती. "हा चिखलबोडीचा आहे. दोन हंगामांपूर्वी तिथून नाहीसा झाला, तेव्हा मेला असं आम्ही धरलं होतं. त्याला इथला आवाज ऐकू आला असणार. इथे वस्ती आहे असं वाटून तो आला."

अध्यक्षांनी श्रवणगोल मागवले. "मला ऐकवा."

सुबोधनं विणीच्या हंगामातली एक सकाळ लावली. सगळ्यांनी आपापले श्रवणगोल लावून ऐकली. झाडावरून शीळ. लगेच खाली लव्हाळ्यातून चिरलेल्या ठोक्याची खरी घंटी, उतावीळ, जवळजवळ धापा टाकल्यासारखी. मग वरून उसनी घंटी. हेमराजच्या मूळ फितीवर मादीचं उत्तरही होतं, आणि भीमराज तेही बिनचूक देत होता. नर पुन्हा बोलला, या वेळी दुसऱ्या कानखुंटाजवळून. मग तिसऱ्या. तो आवाजाच्या मागे पाण्यातून फिरत होता. झाडावर बसलेला पक्षी उडून दुसऱ्या झाडावर जाई आणि तिथून मादीच्या गळ्यानं उत्तर देई. खालचा नर तिकडे वळे.

हे सकाळभर चाललं होतं. आणि त्या हंगामातली प्रत्येक सकाळ अशीच होती.

रहांगडाले बाईंनी श्रवणगोल काढले. आगाशे आपल्या कागदांकडे बघत होते. "मला आणखी काही विचारायचं नाही," ते म्हणाले.

निकाल त्याच दुपारी लागला. चिखलबोडी बुजवायचा परवाना नाकारला गेला. भुरसाटोल्याचं नाव मात्र घंटीच्या अधिवासांच्या यादीतून काढून टाकण्यात आलं, आणि तसं झालं की राखेचा जुना प्रस्ताव पुन्हा मांडायला वाट मोकळी होते हे दालनातल्या प्रत्येकाला माहीत होतं. हेमराज कापगते यांनी केलेली सर्व सर्वेक्षणं पुन्हा तपासावीत, असंही शेवटच्या परिच्छेदात होतं. ते काम ध्वनिशाळेकडे, म्हणजे यामिनीकडेच आलं. एक पाणथळ वाचवायला त्यानं जे केलं होतं त्यानं दुसरी बुडवली असती. आणि दुसरी वाचवताना पहिली तिच्या हातून सुटली होती. त्याला पक्षी आणायचे होते की फक्त आवाज, हे आता कुणाला विचारायचं?

"तो नर," बाहेर आल्यावर सुबोध म्हणाला. "त्याचं काय करायचं?"

"घरी न्यायचा," यामिनी म्हणाली.

*

लव्हाळ्याच्या वाटेत त्यांनी धुक्यासारखं तलम जाळं उभं केलं. पक्षी जाळ्यात यायचा तर त्याला बोलवायला हवं. सुबोधनं चिखलबोडीच्या खऱ्या मादीचं ताजं मुद्रण आणलं होतं, स्वच्छ, शीळ नसलेलं. त्यानं ते हलक्या आवाजात लावलं.

लव्हाळं हललं नाही. दुसऱ्यांदा लावलं, तिसऱ्यांदा लावलं. ऊन वर आलं. चार हातांवर पाण्यात काहीतरी असल्याची चाहूल होती, पण ते पुढे येत नव्हतं.

"घाबरला असेल," सुबोध कुजबुजला.

यामिनी सुनावणीत ऐकलेली ती सकाळ आठवत होती. झाडावरची घंटी वाजायच्याही आधी, शीळ संपताक्षणी तो नर उठून बोलत असे. दोन हंगाम या पक्ष्यानं जी मादी ऐकली होती ती प्रत्येक वेळी शिळेमागून आली होती. शीळ नसलेली मादी, खरी असली तरी, त्याच्या हिशेबी त्याची नव्हती.

"मुद्रण बंद कर," ती म्हणाली.

"सरांची मूळ फीत आणली नाही आपण."

"नको ती."

तिनं ओठ ओले केले. तिला कधी शीळ घालता येत नसे. हेमराज शिकवायला बघायचा आणि ती हसून फुकट घालवायची. पहिली फुंकर नुसतीच हवा गेली. दुसऱ्या खेपेला खालचा सूर लागला. मग वरचा. शेवटची लचक तिला वाटलं होतं त्याहून सोपी गेली. ती तिनं बावीस वर्षं ऐकली होती.

समोरचं लव्हाळं दुभंगलं. तांबूस पोटाचा, लांब बोटांचा, मुठीएवढा पक्षी मान पुढे काढून धावत आला आणि जाळ्यात अडकला. इतक्या वर्षांत यामिनीनं घंटी अशी समोर पहिल्यांदाच पाहिली.

तिनं त्याला जाळ्यातून सोडवलं. तिच्या तळव्यात त्याचं काळीज धडधडत होतं. त्यानं एकदा, अगदी जवळून, चिरलेला ठोका दिला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

तेवढ्यात अर्जुनाच्या झाडावरून तिच्या शिळेला उत्तर आलं. तेच दोन सूर, तीच लचक. हातातल्या पक्ष्यानं मान तिकडे वळवली. यामिनीनंही वळवली होती.

सुबोध तिच्याकडे बघत होता. पुन्हा हाक आली, या वेळी जरा जवळच्या झाडावरून. यामिनीनं पक्ष्याला कापडी पिशवीत अलगद सोडलं, नाडी आवळली, आणि तोंडातून आवाज न काढता बांधावरून गाडीच्या दिशेनं चालू लागली.